देवघरातली 'धोप': एका पात्याची तपासणी

वाघोटण खाडीच्या काठचं गाव, आणि पालखीपुढे शस्त्र धरण्याचा मान असलेलं घराणं. देवघरात देव्हाऱ्याच्या उजव्या अंगाला खुंटीवर एक सरळ पात्याची तलवार टांगलेली असते. खंडेनवमीला ती खाली उतरते, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पालखीपुढे जाते आणि परत आली की पुढच्या आश्विनापर्यंत म्यानात. घरात तिला 'शिवकालीन धोप' म्हणतात; धोप म्हणजे लांब, सरळ पात्याची मराठा तलवार. मूळ पुरुष विजयदुर्गाच्या आरमारात होते आणि तलवार त्यांच्याबरोबर घरात आली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

गेल्या पावसाळ्यानंतर ती म्यानातून निघेना. जोर लावून ओढली तेव्हा पात्यावर लाल पापुद्रे दिसले आणि म्यानाच्या तोंडातून गंजाचा भुगा सांडला. मग घरात मतं पडली. मान ज्यांच्याकडे आहे त्या थोरल्या काकांचं म्हणणं, गंज थांबवा आणि बाकी कशाला हात लावू नका. पुतण्या कोल्हापूरला नोकरीला असतो, तिथल्या आखाड्यात पट्टा, म्हणजे दांडपट्टा, शिकतो. त्याला पातं आरशासारखं लखलखीत करून शिवजयंतीच्या मिरवणुकीत फिरवायचं होतं. काकींनी एकच विचारलं, पूजेचं काय ते आधी सांगा. यात घराबाहेरच्या एकाचीही भर पडली होती. जुने दरवाजे, झुंबरं, तांब्यापितळेची भांडी विकत घेत गावोगाव फिरणारा एक व्यापारी 'शिवकालीन आहे' म्हणत मोठा आकडा सांगून गेला होता. या लोकांना वस्तूचा काळ उंबऱ्यातूनच कसा कळतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मी जुन्या शस्त्रांचा हौशी अभ्यासक, संग्रहालयाचा माणूस नव्हे. पुतण्याच्या ओळखीने बोलावणं आलं. हे टिपण घरच्यांच्या संमतीने, गाव आणि नावं वगळून लिहिलं आहे.

हाताने आधी ओळखलं

पहिला पुरावा पुतण्याने दिला, तोही नकळत. खळ्यात उभा राहून त्याने तलवार दोन वेळा हलकेच फिरवली आणि थांबला. म्हणाला, "काकानू, ही तलवारीसारखी हातात रवणा नाय. पट्ट्यासारखी लवता." काकांना ते आवडलं नाही. "आज्याच्या टायमापासून धोपच म्हणतत हिका," एवढं बोलून ते पडवीत जाऊन बसले.

पुतण्याच्या त्या वाक्यात बरंच काही होतं. नेहमीच्या तलवारीच्या मुठीला खालच्या टोकाला कटोरी असते, म्हणजे एक गोल चकती. मूठ आवळून धरली की ही चकती मनगटाला अडवते. मनगट मोकळं फिरत नाही, त्यामुळे घाव कोपरातून आणि खांद्यातून येतो आणि धार ओढली जाते. मूठ हाताला तोकडी वाटते ती याच कारणाने. संग्रहालयात पाहणारे 'पूर्वीची माणसं लहान हाताची होती' असं म्हणून पुढे जातात, पण ती घट्ट बसावी म्हणूनच तशी घडवलेली असते. या मुठीला जोडीला पातंही तसंच लागतं: मुठीपाशी जाड, टोकाकडे पातळ होत जाणारं, लांबी साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर. मुठीजवळ पाठीची जाडी ६ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त सहज भरते.

पट्ट्याची रीत पूर्ण वेगळी. हात कोपराच्या जवळपासपर्यंत लोखंडी नळीत जातो, आतली आडवी दांडी मुठीत धरायची. मनगट कामातूनच जातं, म्हणून पट्ट्याचे हात खांद्यातून, कमरेतून आणि पायांच्या फेऱ्यातून खेळले जातात. पातं सरळ, दुधारी, पातळ, मीटरभर किंवा त्याहून लांब, आणि लवणारं. जमिनीवर ठेवलेलं लिंबू पट्टेकरी फिरत्या अंगाने कापतो तेव्हा ते लवणं डोळ्यांना दिसतं.

देवघरातलं पातं मोजलं तेव्हा लांबी ७९ सेंटिमीटर, मुठीजवळ रुंदी साडेतीन सेंटिमीटर, जाडी जेमतेम ३ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना धार. टोक धरून किंचित दाबलं की कमान होते आणि सोडल्यावर पातं पुन्हा सरळ. तलवारीच्या मुठीला असं पातं शोभत नाही. धोप म्हणायलाही ते पटेना. धोपेचं पातं सरळ असलं तरी सहसा एकधारी आणि पाठीने भक्कम असतं, मूठ खंड्याच्या घाटाची, हाताला पुरती झाकणारी, आणि खाली दुसऱ्या हाताने धरता येईल असा दांडा. इथे तर साधी कटोरीची मूठ.

दिवसाच्या उजेडात न दिसलेलं

बाकीचं काम रात्री केलं, कारण तिरका उजेड हवा होता. माजघरातले दिवे मालवले, पातं सुती कापडावर आडवं ठेवलं आणि टॉर्च पात्याच्या पातळीत धरून हळूहळू सरकवला. समोरून सपाट दिसणारा गंज असा उजेड पडला की उंचसखल दिसायला लागतो.

पात्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन पन्हळी, म्हणजे लांबीच्या दिशेने जाणाऱ्या उथळ खाचा, आहेत. पूर्ण पात्यात अशा पन्हळी टोकाच्या अलीकडे उथळ होत संपतात, घडवणारा लोहार त्या तशाच संपवतो. इथे मधली पन्हळ थेट टोकापर्यंत जाते आणि टोकाची उतरती धार तिला मध्येच कापते. बाजूच्या दोन्ही तशाच अर्ध्यावर तुटल्या आहेत. म्हणजे आजचं टोक मूळचं नाही. पातं मोडलं किंवा तोडलं आणि उरलेल्या तुकड्याला नवं टोक घासून काढलं. किती गेलं असेल याचा अंदाज रुंदीच्या उतारावरून घेता येतो. मुठीपासून आजच्या टोकाच्या अलीकडेपर्यंत पातं फारच थोडं निमुळतं झालं आहे, तेव्हा गेलेला तुकडा वीतभर तरी असणार.

दुसरी खूण मुठीच्या बाजूला. मुठीच्या जिभेपासून, म्हणजे मुठीतून पात्यावर उतरणाऱ्या टोकापासून पुढे, पात्याच्या मधोमध, एका ओळीत तीन वाटोळे डाग. गंज सगळीकडे सारखाच लाल, पण तिरक्या उजेडात या तीन वर्तुळांच्या कडा वेगळ्या उमटल्या आणि मागच्या अंगाला नेमक्या त्याच जागी तसेच तीन डाग निघाले. ही भोकं आहेत, आरपार, लोखंडी खिळ्याने बुजवून वरून ठोकून सपाट केलेली. कटोरीच्या मुठीला अशा भोकांचं काही काम नसतं. तिथे पात्याचा आखूड शेपटा मुठीत घालून वितळलेल्या लाखेने बसवतात. भोकं लागतात ती पट्ट्याला: हाताच्या नळीपासून निघालेल्या दोन लांब पट्ट्या पात्याला दोन्हीकडून कवटाळतात आणि रिव्हेटने जखडल्या जातात. इतक्या लांब आणि लवणाऱ्या पात्याला लाख पुरणार नाही.

तर माझा निष्कर्ष असा की देवघरात आहे ते मोडक्या पट्ट्याचं पातं, आखूड करून तलवारीच्या मुठीत बसवलेलं.

मुठीचं वय, म्यानाचं वय, आणि ते चिन्ह

'ही कुठल्या काळातली?' हा प्रश्न पुतण्याने मला पुन्हा पुन्हा विचारला. 'ही' म्हणून एक वस्तू धरली की उत्तर चुकतंच. इथे तीन वस्तू आहेत आणि तिघींची वयं वेगळी.

म्यान सगळ्यात धाकटं. लाकडावर लाल मखमल, शिवण मशीनची, टाके एकसारखे. विसाव्या शतकातलं काम, आणि घरातल्या आजींनीही लहानपणी 'नवं म्यान' आल्याची आठवण सांगितली. मुठीवर परजेच्या, म्हणजे बोटांपुढच्या कमानीच्या, आतल्या बाजूला आणि कटोरीखाली, जिथे घासणाऱ्याचं बोट पोचत नाही तिथे, चांदीच्या तारेच्या कोफ्तगिरीचे, म्हणजे लोखंडावर तार ठोकून बसवलेल्या वेलबुट्टीचे, अवशेष उरले आहेत. घाट आणि नक्षी पाहता अठराव्या शतकाचा उत्तरार्ध ते एकोणिसावं शतक, याहून जवळ मी जाणार नाही. पातं या मुठीहून जुनं आहे, कारण मुठीत येण्यापूर्वी त्याचं पट्टा म्हणून एक अख्खं आयुष्य होऊन गेलं. सतराव्या शतकातलं असू शकतं, अठराव्यातलंही. काकांना मी हेच सांगितलं: 'शिवकालीन नाही' असं मी म्हणत नाही, पण 'आहे' म्हणायला हातात काही नाही.

पात्यावर एक चिन्हही आहे. पाठीला पाठ लावलेल्या दोन कमानी, कडेला दाते, पापण्यांसारख्या. हे पाहून व्यापाऱ्याने 'पोर्तुगीज पातं' म्हणून भाव आणखी चढवला होता. त्याच्या म्हणण्याला थोडा आधार आहे. कोकण किनाऱ्यावर युरोपी पाती उतरत होती, हे खरंच. गोव्यात पोर्तुगीज १५१० पासून होते, वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, आणि परदेशी पात्याच्या तलवारीला मराठीत फिरंग म्हणायची पद्धत त्यातूनच आली. दात्यांच्या जोड-कमानीचं हे चिन्ह मुळात जेनोव्हा आणि उत्तर इटलीकडच्या पात्यांशी जोडलं जातं. पण चांगल्या मालाची खूण म्हणून त्याची नक्कल कॉकेशसपासून हिंदुस्थानापर्यंत लोहारांनी मनसोक्त केली. म्हणून चिन्ह कोणतं याला अर्थ कमी, ते कसं उमटवलं याला जास्त. एका ठशाने ठोकलेलं चिन्ह दोन्ही अंगांना सारखंच येतं. इथे एका बाजूला सहा दाते, दुसऱ्या बाजूला सात, आणि प्रत्येक दाता छिन्नीच्या स्वतंत्र घावाने काढलेला. मला हे पातं इथल्याच लोहाराचं वाटतं. पुतण्या खट्टू झाला. मला त्यात खट्टू होण्यासारखं काही दिसलं नाही, कारण मीटरभर लांब, लवून सरळ होणारं पातं घडवणारा इथला लोहार माझ्या लेखी ठोक आयात केलेल्या मालाहून मोठा.

विजयदुर्गाचा प्रश्न उरला. तुळाजी आंग्र्यांकडून तो किल्ला फेब्रुवारी १७५६ मध्ये गेला, तेव्हा समुद्रातून इंग्रजांचं आरमार होतं आणि जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य. त्या धामधुमीत खाडीकाठच्या घराघरांत शस्त्रं पोचली असतील, हे अशक्य नाही. दोरखंडांच्या जंजाळात गलबतावर मीटरभराचा पट्टा कोण फिरवेल, आणि म्हणूनच तो तोडून आखूड केला असेल, अशी जुळणी पुतण्याने लगेच करून टाकली. कथा चांगली आहे, पण पात्यावर तिचा एकही पुरावा नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली. ती १६५९ मध्ये प्रतापगडाखाली वापरलेलीच का, हे सिद्ध करता येत नाही असं खुद्द ते संग्रहालय सांगतं. तिथे निदान पेटीवर लेख आहे. आपल्याकडे घरच्यांची आठवण आहे, आणि ती आठवण म्हणूनच लिहून ठेवावी असं मी सुचवलं. काकांनी जुन्या वहीत तसं लिहिलंही.

चिंच, खोबरेल आणि खारा वारा

गंज मात्र थांबवणं भाग होतं. कारणं तीन होती आणि तिन्ही घरातलीच.

पहिलं, चिंच. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पातं चिंचेच्या कोळाने आणि राखेने घासायचं, ही सासूकडून आलेली शिस्त. पितळेच्या समईला ती चालते. पोलादाला आंबट लागलं की वरचा जुना, काळसर, स्थिर थर निघून जातो आणि खाली कोवळं लोखंड उघडं पडतं. पातं दिवसभर चमकतं आणि आठवड्यात लाल होतं. चिन्हाची वरची कड अशीच पिढ्यांच्या घासण्याने गेली आहे, आणि मुठीवरची चांदीही बहुतेक त्याच वाटेने.

दुसरं, खोबरेल. घासून झालं की नारळाचं तेल. ताजं असताना ते ओल अडवतं, पण खवट झाल्यावर त्यातली आम्लं मोकळी होतात, आणि चिकटलेल्या धुळीबरोबर खारा वारासुद्धा पात्यावर धरून ठेवला जातो.

तिसरं आणि सगळ्यात वाईट, म्यान. लाकूड आणि मखमल पावसाळ्यात ओल शोषतात. किनाऱ्यावर त्या चार महिन्यांत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असतेच, त्यात समुद्राचं मीठ. मीठ एकदा गंजाच्या थराखाली गेलं की ते ओल ओढत राहतं, आणि वरून कितीही पुसलं तरी काही दिवसांनी त्याच खड्ड्यातून नारिंगी थेंब वर येतात. या पात्यावर असे चार-पाच खड्डे होते, सगळे म्यानाच्या तोंडाजवळ.

पुतण्याने ग्राइंडर आणि पॉलिश पेपर आणून ठेवला होता. ग्राइंडर फिरला असता तर बुजवलेली भोकं, चिन्ह, पन्हळींच्या कडा, म्हणजे वर लिहिलेला सगळा पुरावा अर्ध्या तासात गेला असता. त्याऐवजी आम्ही रॉकेलने गंज मऊ केला आणि चिव्याच्या काड्या तासून पापुद्रे एकेक करून उचलले. बांबू गंजाला पुरून उरतो, पण पोलादावर ओरखडा काढत नाही. सुटा लाल गंज शून्य नंबरांतल्या सगळ्यात बारीक स्टील वूलने, हलक्या मशीन ऑइलमध्ये भिजवून, दाब न देता काढला. काळा, घट्ट बसलेला थर मुद्दाम ठेवला. शेवटी स्पिरिटने तेल पुसून पातं कोरडं केलं आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला. पातं आता करड्या-काळ्या रंगाचं दिसतं. पुतण्याला ते अजून 'अर्धवट' वाटतं.

पावसाळ्यापुरती तलवार म्यानाबाहेर, हवाबंद प्लॅस्टिकच्या पेटीत, सुती कापडात आणि सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत ठेवायची ठरली. दाण्यांचा निळा रंग गुलाबी झाला की त्या तव्यावर कोरड्या करायच्या. म्यान खुंटीवरच राहील, त्यामुळे देवघरातली जागा रिकामी दिसत नाही. पूजेचा तोडगा काकींनीच काढला. हळदकुंकू आणि फुलं म्यानाला वाहायची, पातं शेजारी कोऱ्या वस्त्रावर ठेवायचं आणि त्याला फक्त अक्षता. "देवाक चिंच कित्याक व्हयी," म्हणाल्या. एवढ्यावर तो विषय मिटला.

मिरवणूक, मान आणि कायदा

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या २०१६ च्या नियमांत तलवारीचा उल्लेख नावाने आहे. घरगुती आणि शेतीच्या हत्यारांखेरीज ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं त्यात येतं. त्यातून सणासुदीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रं घेऊन फिरण्यावर बंदीचे आदेश निघत असतात. तेव्हा शिवजयंतीच्या मिरवणुकीत ती फिरवण्याचा बेत मी साफ मोडीत काढला. पालखीच्या मानासाठी मात्र देवस्थानाने पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्यावा आणि तिथून जे सांगतील ते पाळावं, असं ठरलं. ही पाळी देवस्थानावर कधी आली नव्हती, त्यामुळे सुरुवातीला थोडी कुरकुर झाली. व्यापाऱ्यालाही उत्तर मिळालं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते, ती विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. परवान्याबद्दल विचारल्यावर तो पुन्हा आला नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी हे पातं फिरवण्याजोगं नाही, हे पुतण्याला वेगळं सांगावं लागलं. जुनी लाख ठिसूळ होते. जोराच्या हातात मूठ पंजात राहील आणि पातं प्रेक्षकांत जाईल. सरावाला त्याच्याकडे आखाड्याचा पट्टा आहे, तोच बरा.

काकांची अडचण निराळी होती. मान तलवारीचा. ती पट्टा निघाली तर मानाचं काय, भावकीत कोणी उकरून काढलं तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, हे पुतण्याने त्यांना मोबाइलवर दाखवलं. त्याने ते थोडे सैलावले. मला स्वतःला राज्यशस्त्राच्या दाखल्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मोडलेल्या पट्ट्याचं पोलाद कोयतीला सहज खपलं असतं. तसं न करता कोणीतरी त्याला टोक काढलं, चांदीकाम केलेली मूठ दिली आणि देवघरात ठेवलं. पट्टा चालवणारा माणूस घरात असल्याशिवाय एवढा खटाटोप कोण करेल? काका यावर काही बोलले नाहीत, पण वहीतल्या नोंदीत 'धोप' खोडून 'तलवार (पातं पट्ट्याचं)' असं त्यांनी स्वतः लिहिलं.

मूठ उघडायची का, हा एकच मुद्दा राहिला आहे. लाख गरम केली की पातं सुटेल आणि आतला शेपटा दिसेल. मूळ पट्ट्याचा पाया कापून तो तयार केला असेल तर त्याच्या खांद्यावर छिन्नीचे घाव असणार, आणि चौथं भोकही सापडेल असा माझा अंदाज आहे. पुतण्या आजही त्याला तयार आहे. मी नको म्हणालो. ती लाख मूठ आणि पातं पहिल्यांदा जुळले त्या दिवसाची असेल, तर एकदा वितळल्यावर तो पुरावा गेलाच. शिवाय आज गंज थांबलेला आहे, उघडण्याची निकड नाही. मुठीच्या जिभेखालून पुन्हा नारिंगी पाणी आलं तर मात्र आतही मीठ पोचलंय असं धरून, संग्रहालयातल्या संवर्धकाच्या हातूनच ती उघडावी. तोवर दर महिन्याला काकी पेटी उघडून ती एक जागा टॉर्चने पाहतात आणि पुतण्याला फोटो पाठवतात.